कुलूप नवं, वॉचमन जुना

माझ्या वडिलांकडे २०१२ सालचा एक टॅबलेट आहे. काच कोपऱ्यात तडकलीय, पण बॅटरी अजून तास-दीड तास तग धरते, म्हणून टाकवत नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी त्यावर एक संकेतस्थळ उघडायला घेतलं आणि पडद्यावर ओळ आली: सुरक्षित जोडणी करता येत नाही. बाबांनी राउटर बंद करून चालू केला, टॅबलेट बंद करून चालू केला आणि मग मला फोन केला. "अरे, आत्ता गणपतीत चालत होतं. काय बिघडलं?"

बिघडलं काहीच नव्हतं. टॅबलेटला येत असलेली भाषा समोरच्या सर्व्हरने बोलायची सोडली होती. या भाषेचं नाव टीएलएस. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' दिसतं ना, त्यातला शेवटचा 'एस' तिच्यामुळे. मी हे समजावलं तेव्हा बाबांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख. "मग नवी भाषा ठरवतं कोण? आणि ठरवताना माझ्यासारख्यांच्या जुन्या यंत्रांचा कुणी विचार करतं का?"

करतात. किंबहुना टीएलएसची सध्याची आवृत्ती, १.३, तपासून पक्की करताना शेवटचं जवळजवळ सगळं वर्ष जुन्या यंत्रांपायीच गेलं.

आधी हे कुलूप काय आहे ते पाहू

तुमचा फोन आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामध्ये डझनभर यंत्रं असतात. संदेश त्या सगळ्यांच्या हातून जातो. मधल्या कुणाला तो वाचता येऊ नये, बदलता येऊ नये आणि समोर खरोखर बँकच आहे याची खात्री व्हावी, ही टीएलएसची तीन कामं. त्यासाठी खरं बोलणं सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंची एक छोटी बोलणी होते. तिला हँडशेक म्हणतात.

ही बोलणी लग्नाच्या बैठकीसारखी असते. ब्राउझर सांगतो, मला या-या पद्धतीची कुलपं वापरता येतात. सर्व्हर त्यातली एक निवडतो, आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र दाखवतो. मग दोघं मिळून फक्त त्यांनाच ठाऊक असलेली एक किल्ली बनवतात. आधीच्या १.२ आवृत्तीत या बैठकीला दोन फेऱ्या लागत. १.३ मध्ये एकच लागते, कारण ब्राउझर अंदाज बांधून पहिल्याच निरोपासोबत किल्लीचा आपला अर्धा भाग पाठवून देतो. पाहायला येतानाच अंगठी खिशात घेऊन आल्यासारखं. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एक फेरी वाचली की तेवढे वाचतात, आणि ते प्रत्येक नव्या जोडणीला.

वेग वाढला हे खरं, पण नव्या आवृत्तीची निकड वेगळ्याच कारणाने भासली.

जुन्यात काय वाईट होतं?

१९९५ साली नेटस्केप कंपनीने या कुलपाची पहिली जाहीर आवृत्ती आणली, तेव्हा तिचं नाव एसएसएल होतं. १९९९ मध्ये टीएलएस १.० आलं, २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२. प्रत्येक वेळी नवं जोडलं गेलं, पण जुनं सहसा काढलं नाही. माळ्यावर सामान साठत जावं तसं. २०११ पासून त्या माळ्यावरून एकेक साप निघू लागले. बीस्ट, क्राइम, पूडल, फ्रीक, लॉगजॅम, ड्राउन: २०११ ते २०१६ या सहा वर्षांत जाहीर झालेल्या हल्ल्यांची ही नावं.

त्यातली फ्रीकची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. १९९० च्या दशकात अमेरिकी सरकारने देशाबाहेर जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम कमकुवत किल्ल्याच वापराव्यात असं बंधन घातलं होतं. पुढे ते सैल झालं, लोक विसरले, पण ती कमकुवत कुलपं कोडमध्ये तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की मधल्या माणसाला थोडी चलाखी करून दोन्ही बाजूंना तेच जुनं कुलूप लावायला भाग पाडता येतं. कायदा गेला, त्याचं भोक राहिलं.

म्हणून १.३ मध्ये भर कमी आणि आवराआवर जास्त आहे. वापरता येणाऱ्या कुलपांच्या शेकडो जोड्या होत्या. नव्या दस्तऐवजात पाच उरल्या. दस्तऐवज तरीही १६० पानी झालाच.

हे ठरवतं कोण?

आयईटीएफ नावाची एक मंडळी. 'मंडळी' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण तिचं सदस्यत्व असं काही नसतंच. फी भरून सभासद व्हायची सोय नाही, देशांचे प्रतिनिधी नाहीत. तिथे तुम्ही अमुक कंपनीचे म्हणून नव्हे, तर एक व्यक्ती म्हणून बोलायचं असा संकेत आहे. चर्चा मुख्यतः ईमेलवर होते आणि ती सगळी उघड्यावर. वर्षातून तीन वेळा सगळे कुठल्या तरी शहरात प्रत्यक्ष भेटतात. तिथे मात्र नोंदणीचं शुल्क असतं.

प्रस्तावाला मसुदा म्हणतात आणि त्याचं आयुष्य सहा महिन्यांचं. तेवढ्यात नवी आवृत्ती आली नाही तर तो बाद. पक्का झालेला मसुदा आरएफसी म्हणून क्रमांकासह प्रसिद्ध होतो. आरएफसी म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती'. हे नाव १९६९ पासून चालत आलंय. पहिलं टिपण लिहिणारे स्टीव्ह क्रॉकर तेव्हा विद्यार्थी होते. आपण आज्ञा देतोय असं कुणाला वाटू नये म्हणून त्यांनी हे नम्र नाव घेतलं. आज अख्खं इंटरनेट या 'विनंत्यां'वर चालतं.

टीएलएस १.३ चा पहिला मसुदा एप्रिल २०१४ मध्ये आला. संपादक होते एरिक रेस्कोर्ला. शेवटच्या मसुद्याचा क्रमांक २८. मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो आरएफसी ८४४६ म्हणून प्रसिद्ध झाला. चार वर्षांहून जास्त काळ.

मतदान करून मोकळं का नाही झालं?

कारण तिथे मतदान करत नाहीत. इंटरनेटच्या जडणघडणीतले एक संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये मांडलेलं सूत्र तिथे घोषवाक्यासारखं मानतात: राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदानही नको, हवी ढोबळ सहमती आणि चालणारा कोड.

ढोबळ सहमती म्हणजे बहुमत नव्हे. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत 'सर्वानुमते मंजूर' लिहितात तेव्हा निम्मे लोक वडापाव घ्यायला उठलेले असतात, तशातलाही हा प्रकार नाही. इथे प्रश्न असा असतो: आलेल्या प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं का? शंभर लोक बाजूने असले आणि एकाच माणसाने दाखवलेली तांत्रिक खोट खरी असली, तर त्या एकाचं ऐकावं लागतं. उलट, हरकतीला नीट उत्तर दिलं गेलं असेल तर हरकत घेणारा अजून नाराज आहे एवढ्यावरून काम अडत नाही.

सभागृहाचा कल पाहायचा तर बैठकीचे सूत्रसंचालक लोकांना गुणगुणायला सांगतात. होय, तोंड मिटून 'म्म्म'. हात वर केले की डोकी मोजायचा मोह होतो. गुणगुणताना कोण कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही, नुसता जोर कळतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थट्टाच वाटली होती.

"आम्हाला आमचंच नेटवर्क बघू द्या"

सगळ्यात कडवा वाद झाला तो किल्लीवरून. जुन्या आवृत्त्यांत एक सोपी पद्धत होती: सर्व्हरची एकच कायमची किल्ली आणि तिच्या आधाराने हजारो संभाषणं. त्यातला धोका असा की, कुणी आज तुमचं कुलूपबंद संभाषण नुसतं साठवून ठेवलं आणि पाच वर्षांनी ती किल्ली चोरली, तर मागचं सगळं उघडतं. १.३ ने ही पद्धत काढून टाकली. आता प्रत्येक संभाषणाला ताजी किल्ली बनते आणि काम झालं की फेकली जाते. उद्या सर्व्हर लुटला गेला तरी कालचं बोलणं बंदच राहतं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून सरकारी पाळतीचा आवाका कळला होता, त्यामुळे या मुद्द्यावर मंडळी हटायला तयार नव्हती.

पण मोठ्या वित्तसंस्थांच्या डेटा सेंटरमध्ये तीच कायमची किल्ली आतल्या तपासणी यंत्रांना दिलेली असे. व्यवहार कुठे अडला, घोटाळा कुठे झाला हे त्यावरून शोधत. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकी वित्तसंस्थांच्या एका गटाने विनंती केली की जुनी पद्धत ठेवा. केनी पॅटर्सन या प्राध्यापकांचं उत्तर गाजलं. सारांश एवढाच: नाही, आणि तुम्ही फार उशिरा आलात. त्यांनी उपमा मेजवानी संपल्यानंतरच्या आवराआवरीची दिली होती. आपण म्हणू, पंगत उठून पत्रावळ्या गोळा करायची वेळ झाल्यावर पाहुणे आले.

मला यात दोन्ही बाजू पटतात, पण सारख्या नाहीत. बँकेची अडचण खोटी नव्हती. मात्र आतल्या तपासणीसाठी ठेवलेली खिडकी फक्त आतल्यांनाच सापडेल याची हमी कोण देणार? फ्रीकची गोष्ट आठवा. प्रस्ताव वेगवेगळ्या रूपांत पुन्हा आले. मार्च २०१८ मध्ये लंडनच्या बैठकीतही त्यावर गुणगुण झाली. सहमती दिसली नाही, विषय तिथेच राहिला. पुढे ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेने तपासणीची सोय असलेली स्वतःची वेगळी आवृत्ती काढली. तिच्या नावात टीएलएस होतं म्हणून आक्षेप आला आणि नाव बदलावं लागलं.

मग वॉचमन आला

कागदावर १.३ जवळपास तयार होतं. २०१७ च्या सुरुवातीला गूगलने क्रोममध्ये ते चालू केलं. फेब्रुवारीत अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या एका जिल्ह्याच्या शाळांमधले हजारो क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवरचे लॅपटॉप) अचानक अडकून बसले. ब्राउझर ठीक होता, सर्व्हर ठीक होता. अडवणूक मध्येच होती. शाळेच्या नेटवर्कवर बसवलेलं गाळणी-यंत्र, म्हणजे प्रॉक्सी, नवी बोलणी पाहून गोंधळलं आणि जोडणी लटकली. गूगलला बदल मागे घ्यावा लागला.

असल्या मधल्या यंत्रांना मिडलबॉक्स म्हणतात. कार्यालयांत, महाविद्यालयांत, मोबाइल कंपन्यांकडे ती असतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांपुढे आणा. त्याला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगितलंय की पाहुण्याकडे निळा पास असतो, तो उजव्या हाताने दाखवतो आणि वहीत दुसऱ्या रकान्यात सही करतो. नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही. नियमात फक्त 'पास दाखवावा' एवढंच आहे. पण दहा वर्षं सगळे निळेच पास दिसले, तर वॉचमनसाठी तोच नियम. आता हिरवा, जास्त सुरक्षित पास घेऊन पाहुणा आला की तो गेटवरच अडतो.

चूक वॉचमनची आहे, नियमाची नाही. हे चर्चेत सगळ्यांना मान्य होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. लाखो गेटांवरचे वॉचमन बदलणार कोण? सामान्य माणसाला एवढंच दिसतं की नवा ब्राउझर घेतला आणि साइट बंद पडली. तो जुन्या ब्राउझरकडे परत जाणार, म्हणजे नवं कुलूप कुणालाच मिळणार नाही.

२०१७ चं बरंचसं वर्ष मग प्रयोगांत गेलं. ब्राउझरवाल्यांनी आणि मोठ्या सर्व्हरवाल्यांनी १.३ चे थोडे थोडे वेगळे अवतार खऱ्या इंटरनेटवर सोडून कुठला कमी अडतो ते मोजलं. जो टिकला तो बाविसाव्या मसुद्यात आला. त्याचा मथितार्थ: हिरवा पास निळ्या पाकिटात घाला.

आज तुमचा फोन १.३ बोलतो तेव्हा आवृत्तीच्या जुन्या रकान्यात तो '१.२' असंच लिहितो. खरा आकडा वेगळ्या जागी, एका नव्या पुरवणीत असतो. शिवाय आता काहीही अर्थ नसलेला एक जुना संदेश मध्येच पाठवला जातो, केवळ वॉचमनला ओळखीचं वाटावं म्हणून. सगळी बोलणी १.२ मधल्या 'आधी भेटलेलो आहोत, पुन्हा बोलू' या प्रकारासारखी दिसते.

पण मग कुणी मध्ये बसून दोघांना खरोखरच १.२ वर ढकललं तर कसं कळणार? त्याचीही सोय केलीय. १.३ येत असूनही सर्व्हरला १.२ वर उतरावं लागलं, तर तो बोलणीत एरवीही पाठवायच्या आपल्या यादृच्छिक आकड्याच्या शेपटीला 'डाउनग्रेड' या इंग्रजी शब्दाची सात अक्षरं आणि एक खूण जोडतो. १.३ जाणणाऱ्या ब्राउझरला ती दिसली की तो ओळखतो की मध्ये कुणीतरी लबाडी केली, आणि जोडणी तोडतो. ही अक्षरं मधल्याने बदलायला जावं तर सर्व्हरची डिजिटल सही जुळत नाही. माझ्या मते अख्ख्या दस्तऐवजातली ही सगळ्यात देखणी क्लृप्ती.

या अनुभवातून निघालेलं औषधही मजेदार आहे. कडी वर्षानुवर्षं हलवली नाही तर गंजते. म्हणून क्रोमसारखे ब्राउझर आता बोलणीत मुद्दाम निरर्थक आकडे पेरतात. नियमानुसार अनोळखी आकडा दिसला की सर्व्हरने दुर्लक्ष करायचं असतं. जो अडखळतो, तो पहिल्याच दिवशी उघडा पडतो, दहा वर्षांनी नव्हे. या तंत्राचं इंग्रजी नावच 'ग्रीस' आहे, वंगण. २०२० मध्ये त्याचा स्वतंत्र आरएफसीही झाला.

चिठ्ठी दोनदा सरकवली तर?

१.३ मध्ये एक सोय अशी आहे की ओळखीच्या सर्व्हरकडे परत जाताना एकही फेरी न थांबता पहिल्याच निरोपात काम सांगून टाकायचं. वेग उत्तम, पण तपासणीत यावर बराच काथ्याकूट झाला.

तुम्ही वाण्याच्या दुकानात बंद पाकिटात चिठ्ठी पाठवलीत: 'पाच किलो साखर पाठवा, खात्यावर मांडा.' मधल्या पोऱ्याला पाकीट उघडता येत नाही, पण तशाच्या तशा पाकिटाची नक्कल करून ते उद्या पुन्हा सरकवता येतं. वाणी पुन्हा साखर पाठवतो. इथेही तसंच होऊ शकतं. म्हणून दस्तऐवजात ताकीद आहे की दोनदा घडलं तरी बिघडणार नाही अशाच कामांसाठी ही सोय वापरा. बातमीचं पान मागवणं ठीक. पैसे पाठवणं नाही. सोय काढून टाकायला हवी होती असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. ताकीद वाचून वागणारे लोक फार नसतात.

इतकं तपासून चूक राहिलीच नाही?

राहिली. पण आधी तपासणीचं श्रेय द्यायला हवं. आधीच्या आवृत्त्यांचा क्रम असा होता: नियम लिहा, जगभर पसरवा, मग संशोधक भोकं शोधतील, मग ठिगळं लावा. १.३ मध्ये संशोधकांना मसुदा चालू असतानाच बोलावलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सॅन दिएगोला खास त्यासाठी कार्यशाळा झाली. नियमांचं गणिती रूप करून हल्ल्याच्या शक्यता संगणकाकडून धुंडाळून घेतल्या गेल्या. दहाव्या मसुद्याच्या सुमारास, बोलणी संपल्यावर ग्राहकाची ओळख पटवण्याची एक प्रस्तावित सोय तपासताना, हल्लेखोर ग्राहकाचं सोंग घेऊ शकतो असा प्रकार टॅमरिन नावाच्या साधनाने दाखवला. प्रसिद्ध होण्याआधीच तो दुरुस्त झाला.

तरी २०१९ मध्ये एक फट सापडली, नाव 'सेल्फी'. दोन यंत्रांनी आधीच एक समाईक गुपित वाटून घेतलेलं असेल, तर काही परिस्थितीत हल्लेखोर एका यंत्राला स्वतःशीच बोलायला लावू शकतो, आणि त्याला वाटत राहतं की आपण जोडीदाराशी बोलतोय. गणिती सिद्धता चुकल्या नव्हत्या. त्यांनी गृहीत धरलं होतं की ठरावीक गुपितासाठी एक यंत्र नेहमी विचारणारं आणि दुसरं नेहमी उत्तर देणारं असेल. खऱ्या जगात एकच यंत्र दोन्ही करतं. घरोघरीच्या ब्राउझरला याचा त्रास नाही.

आणि बाबांचा टॅबलेट?

१.३ ने त्याला बाद केलं नाही. १.३ येणाऱ्या सर्व्हरला १.२ किंवा त्याहून जुनं बोलायची मनाई नाही. बाद केलं ते वेगळ्या निर्णयाने: मार्च २०२१ मध्ये आयईटीएफने १.० आणि १.१ अधिकृतपणे मोडीत काढलं. मोठ्या ब्राउझरांनी त्याआधीच, २०२० च्या मार्चमध्ये ते बंद करायचं ठरवलं होतं. फायरफॉक्सने केलंही. नेमका तोच कोविडचा महिना. काही सरकारी संकेतस्थळं अजून जुन्याच भाषेत बोलत होती आणि लोकांना साथीची माहिती तिथेच मिळणार होती. फायरफॉक्सने जुनं कुलूप तात्पुरतं परत चालू केलं.

बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे त्यांना कळतं तर." मग त्यांनी लगेच विचारलं की आता घेतलेला नवा टॅबलेट तरी किती वर्षं चालेल.

पुढचा बदल सुरू झालाच आहे. उद्याच्या क्वांटम संगणकांना फोडता येऊ नये अशा किल्ल्या ब्राउझरांनी वापरायला घेतल्यात. एमएल-केईएम हे त्यामागचं मानक ऑगस्ट २०२४ मध्ये पक्कं झालं. या किल्लीचा ब्राउझरकडून जाणारा भाग सहसा १,१८४ बाइटचा असतो, आधीचा ३२ चा होता. त्यामुळे पहिला निरोप एका पॅकेटात, म्हणजे नेटवर्कवरून एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यात, मावत नाही, दोन लागतात. नियमात 'एकाच पॅकेटात मावला पाहिजे' असं कुठेही म्हटलेलं नाही. पण काही यंत्रांनी आजवर एकच पॅकेट पाहिलं होतं. २०२४ मध्ये क्रोमने या पद्धतीच्या किल्ल्या डेस्कटॉपवर चालू केल्या, तेव्हा काही सर्व्हर आणि काही मधली यंत्रं दुसऱ्या पॅकेटाची वाटही न पाहता जोडणी तोडून मोकळी झाली.